एलबरीसाहेबांचा शोध

"तुमचे एलबरी कुठले?" पप्पांनी विचारलं.

प्रमोदने कप बशीत ठेवला. "मूळचे शिरेगाव मिशनचे. आजोबा तिथे वाढले. नोकरीसाठी जालन्याला गेले ते तिथलेच झाले."

पप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सगुणाआत्याकडे. आत्या खास या भेटीसाठी भिंगारहून आली होती. तिने हातातली चिवड्याची बशी प्रमोदपासून थोडी लांब सरकवली.

"मग हे लग्न होत नाही," पप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फोरमन असताना एखादी गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची नाही, हे ते ज्या सुरात सांगत असतील त्याच सुरात म्हणाले. "आम्हीही शिरेगावचे. एक गाव, एक आडनाव. म्हणजे तुम्ही आणि सुनीती भाऊबहीण झालात."

"काका, इतक्या पिढ्या..."

"पिढ्या कितीही होऊ देत. साहेब एकच ना?"

ही चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी तेव्हा सदतीस वर्षांची होते आणि नगरच्या सरकारी प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासायचे. प्रमोद नेवाशाजवळच्या एका शाळेत गणित शिकवायचा. त्याआधी वर्षभर, शाळेच्या बोअरवेलच्या पाण्याने मुलांचे दात पिवळे पडतात म्हणून तो नमुना घेऊन आला होता. बाटलीवरच्या चिठ्ठीत 'एलबरी' लिहिलेलं पाहून मला वाटलं, शिपायाने चुकून माझंच नाव घातलं. असं आमचं ओळखीचं निमित्त. पुढचं वर्षभर तो दर महिन्याला नमुना आणत राहिला. इतक्या वेळा तपासायची त्या पाण्याला गरज नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्या घरी एलबरीसाहेब म्हणजे पप्पांचे पणजोबा. कालव्याचे इंजिनिअर. विलायतेहून आले, इथल्या मुलीशी लग्न केलं, एक मुलगा झाला दानिएल, आणि मग साहेब तापाने गेले. फोटो नव्हता, पण पप्पांचे घारे डोळे होते आणि आत्याचं नाक होतं. चर्चच्या वर्धापनदिनाला पप्पांनी साहेबांवर छोटं भाषणही केलं होतं. माझ्यासाठी आलेली स्थळं याच साहेबांपुढे एकेक करून उभी राहिली आणि परत गेली. कुणाचं आडनाव साधं होतं, कुणाचं घराणं कालपरवाचं. आई असती तर तिने पप्पांना आवरलं असतं, पण ती लवकर गेली. पुढे पुढे स्थळं यायची थांबली आणि मला त्याचं बरंच वाटलं. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा साडी बदलून बसायचा कंटाळा आला होता.

"शास्त्राने बघायचं तर," मी म्हटलं, "साहेबांचा माझ्यात सोळावा हिस्सा. यांच्यात आठवा धरू. दोघांत सारखा निघेल तो शंभरातला एकसुद्धा नाही."

"ते हिस्से तुझ्या बाटल्यांत मोज," आत्या म्हणाली. "एका आडनावात लग्न करतात का कुठे? आपण ख्रिस्ती झालो म्हणून काय रीतभात सोडली?"

प्रमोदने घसा साफ केला. "पण आत्या, आमचा साहेब कालव्यावरचा नव्हता. आमची आजी सांगायची, तो लष्करातला घोड्यांचा डॉक्टर होता."



"घोड्यांचा?" आत्याने विचारलं.

"घोड्यांचा आणि खेचरांचा."

"दोघे भाऊ असतील," पप्पा म्हणाले. "एक शिकला, एक कमी शिकला."

पण त्यांच्या मनात शंकेचा किडा शिरला होता. प्रमोद गेल्यावर ते बराच वेळ अंगणात उभे राहिले. रात्री जेवताना म्हणाले, "समजा, दोन वेगळे साहेब निघाले. एकमेकांशी काही नातं नसलेले. तर माझी हरकत नाही. मुलगा वाईट नाही."

"आणि एकच निघाला तर?"

"तर नाही." थोडं थांबून म्हणाले, "मला काय तुझं वाईट करायचंय? पण शोध नीट घ्यायचा. तू म्हणतेस तसा, शास्त्राने."

तो उन्हाळा आम्ही साहेब शोधण्यात घालवला. आधी गोऱ्यांचं कबरस्तान. पप्पा वर्कशॉपमधला तारेचा ब्रश घेऊन यायचे आणि दगडांवरचं शेवाळ घासायचे, मी अक्षरं वाचायचे. कुणी पटकीने गेलेला कॅप्टन, कुणाची दोन महिन्यांची मुलगी, कुणी घोड्यावरून पडलेला. एलबरी कुणी नव्हता. "विलायतेला बदली झाली असेल," पप्पा म्हणायचे आणि पुढच्या दगडाकडे वळायचे. साहेब तापाने इथेच गेले होते, या त्यांच्याच गोष्टीची मी त्यांना आठवण करून दिली नाही. उन्हात त्यांना धाप लागायची. मी पाण्याची बाटली पुढे करायचे, ते दोन घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "ती कोपऱ्यातली ओळ राहिली."

कबरस्तान संपलं तेव्हा ते म्हणाले, "शिरेगावला जाऊ. तिथे कुणीतरी जुनं माणूस असेल."

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही एस.टी.त बसलो. पप्पांनी कोट घातला होता, टाय बांधला होता. मी म्हटलं, कोट हातात घ्या. ते म्हणाले, "आपल्या माणसांकडे चाललोय." नेवासा फाट्याला प्रमोद चढला आणि आमच्या मागच्या बाकावर बसला. पप्पांनी त्याला मानेनेच ओळख दिली. नंतर रस्ताभर ते गाडीचा आवाज ऐकत होते.

"तिसरा गिअर घासतोय," मध्येच म्हणाले. "ऐकू येतंय का?"

"येतंय," प्रमोद मागून म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. पण घासतंय एवढं ऐकू येतंय."

पप्पा हसले नाहीत, पण पुढच्या थांब्यावर त्यांनी केळी घेतली ती तिघांसाठी.

शिरेगावचं मिशन म्हणजे एक दगडी चर्च, दोन-चार पडके बंगले आणि कडुनिंबाखाली एक लांबलचक कौलारू इमारत. पूर्वी तिथे अनाथ मुलगे राहत. आता मुलींचं वसतिगृह होतं. सुट्टी असल्यामुळे बहुतेक मुली घरी गेल्या होत्या. ज्यांचे आईबाप ऊसतोडीवरून परतायचे होते अशा पाच-सहा ओसरीवर बसून चिंचा फोडत होत्या. त्यांच्या मध्ये पाटावर बसलेल्या जाड बाई उठल्या. या वसतिगृहाच्या रेक्टर ओहोळबाई.

"सलाम, साहेब. कुणाला भेटायचंय?"

पप्पांनी कोटाचं बटण लावलं. "मी शांतवन एलबरी. नगरहून आलो."

बाई हसल्या. "एलबरी? घ्या. आमच्याकडे पण आहे एक एलबरी."

पप्पा एकदम ताठ झाले. "इथे? अजून आहेत?"

"आहे की. एलबरी, ए एलबरी, इकडं ये गं. पाहुणे बघ तुझे."

ओसरीवरून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उठली. हात चिंचेने माखलेले, म्हणून तिने ते अंगापासून लांब धरले होते. पप्पा तिच्याकडे वाकून बघू लागले. डोळे, नाक, कपाळ. मी त्यांना असं कबरीवरचा दगड घासतानाच पाहिलं होतं.

"बाळ, वडिलांचं नाव काय तुझ्या?"

"किसन."

"किसन एलबरी?"

ओसरीवरच्या मुली खिदळल्या.

"किसन बर्डे," ती म्हणाली. "कारखान्यावर हायेत."

"मग तू एलबरी कशी?"

तिने बाईंकडे पाहिलं, म्हातारबाबा चेष्टा करतायत की काय म्हणून. मग म्हणाली, "माझी खाट एलबरी हाय ना."

"खाटेचं नाव आहे हो ते," बाई म्हणाल्या. "या, आत या, दाखवते. उन्हात नका उभे राहू."

आत एकच लांब खोली होती. दोन्ही भिंतींना लागून लोखंडी खाटा, हिरवा तेलरंग दिलेल्या. प्रत्येक खाटेच्या उशाशी दोन दांड्यांच्या मध्ये एक पट्टी बसवलेली होती आणि तिच्यावर उठावाची इंग्रजी अक्षरं होती. रंगाचे इतके थर चढले होते की अक्षरं सुजल्यासारखी दिसत होती.

"इथं एका वेळी चार-चार मंगल असतात," बाई सांगत होत्या. "तीन रंजना. हाक मारायची कशी? मग जिला जी खाट मिळाली, तिला ते नाव. मी लावलेली रीत नाही ही. माझ्या आधीच्या बाईंच्याही आधीपासून आहे. पोरांचा अनाथाश्रम होता तेव्हा तर पोरांची आडनावंच ही. विलायतेतल्या माणसांनी एकेका खाटेचा खर्च उचललेला असायचा, मग त्यांचं नाव खाटेला, आणि खाटेचं पोराला. दुष्काळात आणलेली पोरं. बरीचशी इतकी लहान, की आपलं नाव सांगता यायचं, बापाचं नाही."

"आणि मुलगा मोठा झाला की?" प्रमोदने विचारलं.

"नाव घेऊन जायचा. दुसरं काय होतं त्याच्यापाशी न्यायला? पुढचा आला की खाट त्याची, नाव त्याचं."

मुलगी आपल्या खाटेशी जाऊन उभी राहिली होती. मी खाली बसले आणि पट्टीवर बोट फिरवलं. काही अक्षरं डोळ्यांपेक्षा बोटालाच नीट लागत होती. वाचून झाल्यावर मी पुन्हा एकदा वाचलं. प्रयोगशाळेतली सवय आहे, एकदा मोजलेलं मी लिहीत नाही.

"काय लिहिलंय?" पप्पांनी विचारलं.

"अठराशे सत्त्याहत्तर साल आहे. एलबरीच्या संडे स्कूलकडून."

"म्हणजे साहेबांच्या."

"नाही, पप्पा. एलबरी हे गाव असणार. तिथल्या चर्चच्या संडे स्कूलमधल्या मुलांनी ही खाट दिली."

"मुलांनी?"

"मुलांनी. त्यांचीच वर्गणी असेल."

"आणि साहेब?"

मी गुडघ्यावर हात टेकून उठले. बाहेर चिंचेची टरफलं फुटल्याचे आवाज येत होते.

पप्पांनी कोट काढला आणि हातावर टाकला. मग एका बाजूने चालत ते एकेक खाट बघू लागले. प्रत्येक पट्टीपाशी थांबायचे, अंगठ्याने अक्षरं चाचपायचे, पुढे जायचे. समोरच्या ओळीने परत आले. मीही त्यांच्या मागून सगळ्या वाचल्या. पुन्हा एलबरीपाशी आल्यावर त्यांनी खाटेचा कोपरा हातात धरून हलवून पाहिला.

"जोड चांगला केलाय," ते म्हणाले. "सव्वाशे वर्षं होत आली, अजून ढिला नाही."

"मजबूत आहेत हो," बाई म्हणाल्या. "चहा टाकू ना?"

प्रमोद खिडकीशी उभा होता. "आमचे आजोबा मोगलाईतून आले होते," तो हळू म्हणाला. "एकोणीसशेच्या दुष्काळात, आईबरोबर चालत. आई वाटेतच राहिली. घोड्यांच्या डॉक्टरचं सगळं आजी सांगायची. आजोबा तेवढं एकदाच बोलले होते आणि आजीने त्यांना गप्प केलं होतं."

पप्पांनी मान हलवली. नुसती ऐकल्याची.

परतीची गाडी यायला वेळ होता. फाट्यावर एक पत्र्याची शेड होती, तिच्यात आम्ही बसलो. प्रमोद रसवंतीवर रस आणायला गेला. पप्पा रस्त्याकडे बघत म्हणाले, "आजोबा खाटेवर कधी निजले नाहीत."

"कोण, दानिएल?"

"हं. मी दहा वर्षांचा असेन, तेव्हा गेले. घरात चांगला पलंग होता. वडील म्हणायचे, दादा, साहेबाचा मुलगा तुम्ही, असं भुईवर काय निजता? म्हातारा म्हणायचा, माझी खाट मी सोडून आलो, ती आता दुसऱ्याची आहे." ते थोडे थांबले. "आम्हाला वाटायचं, म्हातारपणी भ्रम झालाय."

प्रमोदने रसाचे ग्लास आणून ठेवले. पप्पांनी आपला ग्लास संपवला आणि खाली ठेवला.

"झालं तुमचं काम," ते म्हणाले. "दोन घराणी वेगळी. करा लग्न. पण हे नगरला सांगायचं नाही."

"मग सांगायचं काय?" मी विचारलं. "एक आडनाव बघून चर्चच्या मंडळीत विचारणारच."

"दोन साहेब होते म्हणून सांगू. एक कालव्याचा, एक घोड्यांचा. नातं नाही."

"मी ते नाही सांगणार."

"तू कशाला सांगतेस? मी सांगेन."

"आपण कोर्टात लग्न करू, पप्पा. कुणाला काहीच सांगायला नको."

"आणि मी चर्चमध्ये तोंड कसं दाखवू? पोरीने गुपचूप उरकलं म्हणून?"

वाद घालण्याइतकं अंगात त्राण नव्हतं. गाडीत प्रमोदजवळ बसले तेव्हा एवढंच म्हटलं, "एक साहेब सांभाळून मी दमले. आता दोन कुठून सांभाळू?"

"दोघांतला एक माझा आहे," तो म्हणाला. "तो मी सांभाळतो."

मला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

चर्चच्या पाळकसाहेबांना पप्पा एकटेच भेटून आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. "चौकशी केली, नातं नाही," एवढंच सांगितलं असं त्यांच्याच बोलण्यातून कळलं. पाळकसाहेब म्हणाले होते, माझं समाधान आहे, पण मंडळीचं तुम्ही बघा.

आमच्यात लग्नाआधी काही रविवार भक्तीच्या वेळी वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर आता उठून सांगावी, असं पाळक विचारतात. कुणी सांगत नाही. लोक मागे वळून मुलीकडे बघतात, मुलगी खाली बघते, आणि गाणं सुरू होतं. पहिल्या रविवारी आमची नावं वाचली तेव्हा प्रमोद नेवाशाहून येऊन पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसला होता. पप्पा त्याच्या पुढच्या बाकावर. मी बायकांमध्ये.

"...कुमारी सुनीती शांतवन एलबरी आणि श्रीयुत प्रमोद जयवंत एलबरी," पाळकसाहेबांनी वाचलं. "या विवाहास कुणाची..."

"माझी आहे," सगुणाआत्या म्हणाली.

ती माझ्या पुढे दोन बाक सोडून बसली होती. पप्पा तिच्याशी बोलणार होते. रोज म्हणायचे, आज भिंगारला जाऊन येतो, आणि रोज काहीतरी निघायचं. आत्या उभी राहिली, पदर सारखा केला.

"पाळकसाहेब, एका आडनावात लग्न लावता होय तुम्ही?"

"शांतवनरावांनी चौकशी केली आहे, सगुणाबाई. दोन्ही घरांचं नातं नाही."

"नाही कसं? शिरेगावला साहेब एकच होता. आमच्या वडिलांनी आम्हाला एकच सांगितला." ती पुरुषांच्या बाजूला वळली. "आणि नातं नसेल, तर मग हे जालन्याचे एलबरी खरे एलबरीच नसणार. मिशनात काय, दुष्काळातली पोरं गोळा करायचे. कुणाची कोण, जातीचा पत्ता नाही, गावाचा नाही. चिकटवलं असेल साहेबाचं नाव."

बाकांवर कुजबुज झाली. प्रमोद बसल्या जागी खाली बघत होता.

पाळकसाहेब गडबडले, मग सावरून म्हणाले, "हे पाहा, तसं जरी असलं तरी त्यात कमीपणा काही नाही. आणि तसं असेल तर आपली हरकतही मिटते. रक्ताचं नातंच उरत नाही. काय, शांतवनराव? असंच आहे ना?"

चर्चमध्ये पंखे फिरत होते. सगळे पप्पांकडे बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. लग्न ठरलं असतं, साहेब जागच्या जागी राहिले असते. मी ते सगळं बसल्या जागी पाहिलं, आणि आत्या बसायच्या बेतात आहे हेही पाहिलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं, हलवू देत मान. एकदाचं होऊन जाऊ दे.

पप्पा उठले. पुढच्या बाकाच्या पाठीला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.

"सगुणा, तू बस," ते म्हणाले. "पाळकसाहेब, तसं नाही."

"मग दोन साहेब होते?"

"दोन साहेब नव्हते. दोन दुष्काळ होते." ते थांबले. पुढचं त्यांना जड जात होतं, पण आवाज वर्कशॉपमधलाच होता. "हे दुष्काळातलं पोर म्हणताय ना तुम्ही, ते या प्रमोदचे आजोबा. दुसऱ्या दुष्काळातले. पहिल्या दुष्काळातलं पोर म्हणजे आमचे आजोबा. एकाच खाटेवर वाढले, वीस-बावीस वर्षांच्या अंतराने. एलबरी हे त्या खाटेचं नाव. मी हातांनी चाचपून आलोय. साहेब नव्हता. आमचाही नाही, यांचाही नाही."

"शांत्या," आत्या म्हणाली.

"आपल्या आजोबांचे आईबाप कोण, ते मला ठाऊक नाही, सगुणा. तुलाही नाही. वर्धापनदिनाला मी इथे जे बोललो ते खोटं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं." मग ते पाळकसाहेबांकडे वळले. "नातं नाही. वाचा पुढे."

आत्या भक्ती संपायच्या आत निघून गेली. पाळकसाहेबांनी उरलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, दुसऱ्या कुणी उठलं नाही, आणि पेटीवर गाणं सुरू झालं. पप्पा गाण्यातही उभेच होते. प्रमोदने मागून त्यांच्यापुढे गीतांचं पुस्तक उघडून धरलं. त्यांनी ते घेतलं, पण गायले नाहीत.

त्यानंतर पप्पा नऊ वर्षं होते. माझ्या मुलाला त्यांनी गिअरचे आवाज ओळखायला शिकवले. साहेबांचं नाव पुन्हा कधी काढलं नाही, आणि चर्चमध्येही त्यांच्यासमोर कुणी काढलं नाही.

त्या रविवारी मात्र भक्तीनंतर लोक आमच्यापासून जरा अंतर ठेवून बाहेर पडले. रागाने नव्हे. काय बोलावं ते कळत नसल्यासारखे. सलाम करायचे आणि चपला शोधायला वाकायचे. पप्पा, प्रमोद आणि मी फाटकापाशी आलो तेव्हा मागून हॉबसनकाका आले. निवृत्त पोस्टमास्तर, पप्पांहून वयाने थोर, काठी टेकत चालायचे. पोटच्या पोरांशीसुद्धा ते इंग्रजीतून बोलायचा प्रयत्न करत.

"शांतवन," ते मराठीत म्हणाले, "त्या शिरेगावला... खाटा पुष्कळ होत्या का?"

"होत्या की. दोन ओळी."

"सगळ्यांवर नावं?"

"सगळ्यांवर."

काकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "आमचे आजोबा तिकडचेच. म्हणजे असं ऐकतो. आमच्या नावाची काही होती का रे?"

पप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही बुवा. मी एकेक बघितली. तुमची नव्हती."

"नाही, आमचे साहेब तोफखान्यातले होते ना."

"तोफखान्यातलेच."

पण काकांचं समाधान झालं नव्हतं. ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे पाणावलेले होते, म्हातारपणी असतात तसे.

"तू सांग गं, सुनीती. तू शास्त्र शिकलेली. तू काही उगाच सांगणार नाहीस."

वसतिगृहाच्या दारातून शिरल्यावर डाव्या हाताची पहिलीच खाट हॉबसनची. पट्टीचा रंग उडालेला, त्यामुळे सगळ्यांत स्पष्ट अक्षरं तिचीच. पप्पांनी तिच्यावरूनही अंगठा फिरवला होता. आता ते रस्त्याकडे बघत उभे होते.

"नव्हती, काका," मी म्हटलं. "मी दोनदा पाहिलं."